तेरा वर्षं पोटात ठेवलेलं लग्न

२ जून २०१३, रविवारची रात्र. अमेरिकेत एचबीओवर 'गेम ऑफ थ्रोन्स'च्या तिसऱ्या पर्वाचा नववा भाग चालू होता. पहिल्या प्रक्षेपणालाच बावन्न लाखांच्या आसपास प्रेक्षक टीव्हीसमोर बसले होते. त्यातल्या कित्येक घरांत मात्र एक माणूस टीव्हीकडे पाठ करून बसला होता. तो सोफ्यावरच्या मंडळींकडे बघत होता. हातात मोबाइल, आणि कॅमेरा चालू.

पुढच्या दोन-तीन दिवसांत ही चित्रणं जगभर फिरली. कुणीतरी तुकडे जोडून त्यांची एक सलग फीत केली. मालिका कधीच न पाहिलेल्या लोकांनीही ती पुन्हा पुन्हा पाहिली. सुरुवातीला सगळे निवांत असतात. कुणी पाय वर घेऊन बसलंय, कुणाच्या मांडीवर खाऊची वाटी आहे. मग एक बाई किंचित पुढे सरकते, कपाळाला आठी पडते. दोन सेकंदांनी हात तोंडाकडे जातो आणि तिथेच राहतो. कुणी उशी छातीशी आवळतं, कुणी ती भिरकावून देतं. कुणी उठून खोलीबाहेर जातं आणि दारातून परत डोकावतं. 'नाही, नाही, नाही' तर जवळजवळ प्रत्येक खोलीत ऐकू येतं. भाग संपतो, तेव्हा सगळे गप्प असतात. कॅमेरा धरणाऱ्याचं दाबलेलं हसू तेवढं ऐकू येतं.

त्या हसण्यापाशी मी अडकलो. नेमक्या कोणत्या मिनिटाला चित्रण सुरू करायचं, हे त्या माणसाला कळलं कसं? उत्तर सोपं आहे, त्याने पुस्तक वाचलं होतं. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांची 'अ स्टॉर्म ऑफ सोर्ड्‌स' ही कादंबरी २००० साली आली. म्हणजे वाचलेल्यांना ही गोष्ट तेरा वर्षं माहीत होती. पुस्तक कुठल्याही दुकानात मिळत होतं, वाचनालयात होतं, लाखोंच्या घरी होतं. तरीही त्यातली सगळ्यात मोठी घटना लोकांवर वीज पडावी तशी कोसळली. भर चौकात ठेवलेलं गुपित इतकी वर्षं टिकलं कसं, आणि ज्यांना ते ठाऊक होतं त्यांना दुसऱ्यांचे चेहरे बघायची एवढी ओढ का लागली, याचं मला त्या भागातल्या कत्तलीपेक्षा जास्त नवल वाटतं.

(मालिका अजून पाहायची असेल त्यांनी इथूनच माघारी फिरावं. पुढे सगळं फोडणार आहे.)

गोष्ट थोडक्यात अशी. उत्तरेतला तरुण सरदारपुत्र रॉब स्टार्क कैदेतल्या बापाला सोडवायला निघालाय. वाटेत नदी आडवी येते, आणि तिच्यावरचा पूल वॉल्डर फ्रे नावाच्या म्हाताऱ्या, खुनशी, मानापमानाला हपापलेल्या सरदाराच्या ताब्यात आहे. पूल ओलांडू देण्याच्या मोबदल्यात त्याच्या एका मुलीशी लग्न करायचं वचन रॉब देतो. पुढे बापाचा शिरच्छेद होतो, रॉब उत्तरेचा राजा म्हणून सूडाला उभा राहतो, पण प्रेमात पडतो आणि भलत्याच मुलीशी लग्न करून मोकळा होतो. दुखावलेल्या फ्रेची समजूत काढायला रॉबचा मामा त्याच्या मुलीशी लग्नाला उभा राहतो. आई कॅटलिनला घेऊन, सैन्यासह, राजा फ्रेच्या वाड्यात लग्नाला येतो. जेवणं होतात, दारू वाहते, नवरा-नवरीला वाजतगाजत शेजघरात पोचवलं जातं. मग दारं लागतात आणि यजमान पाहुण्यांना कापून काढतो. राजा, त्याची बायको, त्याची आई, बाहेर तळ ठोकून बसलेले शिपाई, कोंडून ठेवलेला त्याचा लांडगा, कुणी सुटत नाही. पुस्तकांतच याला 'रेड वेडिंग' म्हटलंय आणि तेच नाव रूढ झालं.

मार्टिन यांच्या जगात एक नियम आहे. यजमानाच्या छपराखाली त्याने दिलेला पाव आणि मीठ पोटात गेलं की पाहुण्याच्या जिवाला धोका नाही. खाल्ल्या मिठाला जागण्याचं आपल्याला काही नवं नाही. फरक इतकाच की आपल्याकडे ते खाणाऱ्याने पाळायचं असतं, तिथे वाढणाऱ्यालाही पाळावं लागतं. पुस्तकातल्या कॅटलिनला फ्रेचा मुळीच भरवसा नसतो. पोचल्या पोचल्या पाव-मीठ मागून घे, असं ती मुलाला आधीच बजावते. ते मिळतं, आणि तिचा जीव भांड्यात पडतो. वाचकाचाही पडतो, आणि मार्टिन यांना नेमकं तेच हवं असतं.

ही कल्पना हवेतून आलेली नाही. स्कॉटलंडच्या इतिहासातल्या दोन घटनांवरून ती सुचली, असं मार्टिन यांनी स्वतः सांगितलंय. पहिली १४४० सालची. एडिंबरोच्या किल्ल्यात दहा वर्षांच्या राजाच्या पंक्तीला डग्लस घराण्याच्या कोवळ्या अर्लला आणि त्याच्या धाकट्या भावाला बोलावलं गेलं. जेवण चालू असताना काळ्या बैलाचं मुंडकं ताटात घालून आणलं, म्हणजे मृत्यूची खूण दाखवली, अशी दंतकथा आहे. मुंडक्याची गोष्ट बहुधा मागाहून जोडलेली, पण दोघा भावांना धरून त्यांची डोकी उडवली, हे खरं. दुसरी घटना ग्लेनकोची, १३ फेब्रुवारी १६९२ ची. कॅम्पबेल घराण्यातल्या एका कॅप्टनच्या हाताखालचे सैनिक जवळजवळ दोन आठवडे मॅकडोनल्ड लोकांच्या घरी पाहुणे म्हणून राहिले, त्यांच्या चुलीवरचं खाल्लं, त्यांच्याबरोबर पत्ते खेळले आणि एका पहाटे उठून त्यांनी यजमानांनाच मारलं. अडतीसेक माणसं जागीच गेली. बायकापोरं बर्फात पळाली, त्यातली कित्येक थंडीने मेली. विश्वासात घेऊन केलेला खून हा स्कॉटलंडच्या कायद्यात साध्या खुनाहून मोठा, वेगळ्या वर्गातला गुन्हा होता. मार्टिन यांनी दोन्ही घटना एका मांडवाखाली आणल्या आणि वर लग्न घातलं.

लिहिताना मात्र त्यांचा हात अडला. आख्खी कादंबरी लिहून झाली तरी हे प्रकरण त्यांनी बाजूला ठेवलं होतं. ते सगळ्यात शेवटी लिहिलं. या माणसांबरोबर वर्षानुवर्षं घालवल्यावर त्यांना मारणं जमत नव्हतं, असं त्यांनी मुलाखतींतून सांगितलंय. त्यामागचा हिशोब मात्र थंड डोक्याचा होता. पहिल्या पुस्तकात त्यांनी नेड स्टार्कला, म्हणजे ज्याला आपण नायक समजत होतो त्यालाच, मारलं होतं. आता थोरला मुलगा बापाचा सूड घेणार, हे प्रत्येक वाचकाने गृहीत धरलं. गोष्टी ऐकत वाढलेला माणूस दुसरं काय धरणार? म्हणून मग मुलगाही मरायला हवा होता.

आता जरा जवळून बघू या, कारण पुस्तकातलं आणि पडद्यावरचं लग्न एकच असलं तरी घाबरवण्याची रीत निराळी आहे. पुस्तकात ते प्रकरण कॅटलिनच्या नजरेतून येतं. तिला जेवढं दिसतं, ऐकू येतं, तेवढंच वाचकाला. तिला दिसतं की वाजंत्री भिकार वाजवतायत. ढोल कर्कश, सूर बेसूर. वाचक म्हणतो, म्हातारा चिक्कू आहे, स्वस्तातले वादक आणले असतील. बेसूर वाजवणारे ते लोक वादक नव्हतेच, हातात तिरकमठे घ्यायला आलेले मारेकरी होते, हे दोन पानांनी कळतं. दुसऱ्यांदा वाचताना तो बेसूर आवाज असा काही अंगावर येतो, की आपण इतके बहिरे कसे होतो याची लाज वाटते.

टीव्हीला ही युक्ती कशी जमणार? कॅमेरा एकाच बाईच्या डोक्यात शिरून बसू शकत नाही. डेव्हिड बेनिऑफ आणि डी. बी. वाइस या लेखकद्वयाने आणि दिग्दर्शक डेव्हिड नटर यांनी दुसरी वाट काढली. त्यांनी प्रेक्षकाला एक चाल आधीच शिकवून ठेवली. स्टार्कांचं वैरी असलेल्या लॅनिस्टर घराण्याने एका बंडखोर घराण्याचा निर्वंश केला, त्यावरचं गाणं म्हणजे 'द रेन्स ऑफ कॅस्टमिअर'. दुसऱ्या पर्वात त्याच घराण्यातला टिरियन ती चाल शिटीवर वाजवतो, पुढे एक भाडोत्री शिपाई ती गातो. रेड वेडिंगच्या अगदी आधीच्या भागात राणी सेर्सी त्या गाण्यामागची हकिगत भावी सुनेला धमकीच्या सुरात ऐकवते. एवढी पेरणी झाली. मग लग्नघरात एक माणूस शांतपणे दार लावतो, गॅलरीतले वादक धून बदलतात आणि कॅटलिनची मान वर होते. गाणं ओळखलेला प्रेक्षक तिच्याबरोबरच गोठतो. ज्याने ओळखलं नाही त्यालाही, काहीतरी बिघडलंय, एवढं समजतं. चित्रणांत सोफ्यावरची बाई पुढे सरकते ती याच ठिकाणी.

मग ती बाही. पुस्तकात कॅटलिन फ्रेच्या एका पणतूचा दंड धरते आणि रेशमी कापडाखाली तिच्या बोटांना लोखंडी कड्या लागतात. मालिकेने हीच बाही रूस बोल्टन या राजाच्या स्वतःच्या सरदाराला दिली. शेजारी बसलेला बोल्टन तिच्याकडे बघतो, मग स्वतःच्या हाताकडे. ती त्याची बाही वर सरकवते आणि आत चिलखत असतं. प्रतापगडाची गोष्ट ऐकत मोठ्या झालेल्या आपल्याला अंगरख्याखालच्या चिलखताचा अर्थ कुणी सांगावा लागत नाही. तिथे ते सावधपणाचं होतं, इथे दग्याचं. मला हा बदल पुस्तकापेक्षा सरस वाटतो. दगा शत्रूच्या पणतूच्या बाहीत सापडण्यापेक्षा आपल्याच माणसाच्या बाहीत सापडणं जास्त जिव्हारी लागतं.

दुसरा बदल मला तितकासा पटलेला नाही. पुस्तकात रॉबची बायको या लग्नाला येतच नाही, ती मागे राहते आणि वाचते. मालिकेतली टलिसा लग्नात आहे, गरोदर आहे, आणि पहिला घाव तिच्या पोटावर होतो. यात थोडी हाव दिसते, दुःखाचं माप शिगोशीग भरायची हाव. पण त्याचा एक परिणाम मात्र भन्नाट झाला. 'मला सगळं माहितीये' म्हणून हाताची घडी घालून बसलेल्या पुस्तकवाल्यांना हे अजिबात माहीत नव्हतं. मित्राचा चेहरा टिपायला निघालेला माणूसही त्या सेकंदाला फसला. काही चित्रणांत तिथे कॅमेरा हलतो.

शेवटी कॅटलिन उभी राहते. मिशेल फेअरली या अभिनेत्रीने तो क्षण असा केलाय की बघवत नाही. ती ओरडते, आणि मग काहीच उरलं नसल्यासारखी नुसती बघत राहते. मागून गळा चिरला जातो. पडदा काळा होतो आणि श्रेयनामावली सुरू होते ती मुक्यानेच. एरवी भाग संपला की रमिन जवादींचं संगीत यायचं, माणूस श्वास सोडायचा, चहा टाकायला उठायचा. त्या रात्री उठायची खूणच मिळाली नाही. चित्रणांच्या शेवटी सगळे पुतळ्यासारखे बसलेले दिसतात, त्यात या शांततेचाही हात आहे.

पुस्तक वाचलेल्यांनी न वाचलेल्यांना एक नाव ठेवलं होतं, 'अनसलीड'. मार्टिन यांच्याच जगातल्या गुलाम सैनिकांच्या फौजेचं ते नाव. ज्यांना कथा अजून 'लागलेली' नाही, अशा अर्थाने चाहत्यांनी ते उचललं. त्यात थोडी थट्टा होती आणि बरीचशी माया. या दोन जमाती एकाच घरात, एकाच ऑफिसात नांदत होत्या. नवरा वाचलेला, बायको न वाचलेली. मधल्या सुट्टीत चर्चा निघाली की वाचलेला चेहरा कोरा ठेवायचा. 'रॉब जिंकणार ना शेवटी?' असं कुणी विचारलं तर, 'बघ की', एवढंच. एका अमेरिकी संकेतस्थळाने तर प्रत्येक भागाची दोन परीक्षणं द्यायची पद्धत पाडली, एक जाणकारांसाठी आणि एक नवख्यांसाठी.

कुणी सक्ती केली नव्हती, शपथ घातली नव्हती. फोडणारेही होतेच, नाही असं नाही. पण बहुसंख्य वाचकांनी तोंडात मूग धरले. खुद्द बेनिऑफ आणि वाइस यांनी ही मालिका करायला घेतली ती या दृश्यापर्यंत पोचता यावं म्हणून, असं ते सांगत. वाचकही त्यासाठीच थांबले होते. त्यातल्या प्रत्येकाने हे प्रकरण एकट्याने वाचलं होतं, रात्री, दिव्याखाली, शेजारी कुणी नसताना. काहींनी पुस्तक भिंतीवर फेकलं, काहींनी मार्टिन यांना संतापाची पत्रं पाठवली. तो धक्का पहिल्यांदा खायची संधी एकदाच मिळते. आता ती दुसऱ्या कुणाला मिळणार होती, आणि त्या माणसाच्या चेहऱ्यावर ती जवळून बघता येणार होती. आपण जे एकट्याने भोगलं, ते असंच होतं ना, याची खात्री करून घ्यायची ती पद्धत होती. खुद्द मार्टिनही यातून सुटले नाहीत. त्याच महिन्यात कॉनन ओब्रायन यांच्या कार्यक्रमात त्यांना ही चित्रणं दाखवली. लोकांची वाताहत बघून गृहस्थ खुशीत हसत होते.

शास्त्रज्ञांकडे या सगळ्यावर सांगण्यासारखं बरंच आहे. पुढे प्रिन्स्टन विद्यापीठात मेंदूवर संशोधन करणाऱ्या उरी हॅसन यांनी २००४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. माणसांना स्कॅनरमध्ये झोपवून सर्जिओ लिओनीचा 'द गुड, द बॅड अँड द अग्ली' अर्धा तास दाखवला. प्रत्येकाच्या मेंदूतल्या हालचालींचा आलेख काढला, तर एकाचा चढ-उतार दुसऱ्याशी आश्चर्य वाटावं इतका जुळत होता. एकमेकांना न ओळखणारी माणसं, वेगवेगळ्या वेळी पाहिलेला चित्रपट, आणि मेंदूचे मोठमोठे भाग जणू एकाच तालावर.

मग पुढचा प्रश्न येतो. एकाला पुढचं माहीत आहे, दुसऱ्याला नाही, तर ताल जुळतो का? यारा येशुरून आणि हॅसन यांच्या चमूने २०१७ मध्ये हे तपासलं. सॅलिंजरची एक लघुकथा दोन गटांना ऐकवली. कथेत एक नवरा रात्री मित्राला फोन करतो, बायको घरी आलेली नाही म्हणून कासावीस आहे. एका गटाला आधी सांगितलं की बायको खरोखरच त्याला फसवते आहे. दुसऱ्याला सांगितलं की ती सरळ आहे, नवराच संशयी आहे. कथा शब्दन् शब्द तीच, आधीची माहिती वेगळी. एकाच गटातल्या माणसांचे मेंदू एकमेकांशी जुळत होते, दोन गट मात्र एकमेकांपासून फटकून होते. नुसत्या मेंदूच्या आलेखावरून अमका ऐकणारा कुठल्या गटातला, हे ओळखता येत होतं. फ्रेच्या लग्नात एकाच सोफ्यावर बसलेला वाचलेला आणि न वाचलेला एकच भाग बघत होते का, या प्रश्नाला यातून बरंचसं उत्तर मिळतं.

त्याहून मजेचा प्रयोग २०२२ चा. याच प्रयोगशाळेतल्या असिये झाडबूद आणि सहकाऱ्यांनी 'द सिक्स्थ सेन्स' हा चित्रपट घेतला. त्याचा शेवट मी इथे सांगणार नाही, तेरा वर्षांची लाज राखायला हवी. त्या शेवटामुळे आधीचा सगळा चित्रपट उलटापालटा होतो, एवढं पुरे. काहींना शेवट आधीच सांगितला, काहींना तो चित्रपटातच कळला. नंतर सगळ्यांना आधीचे प्रसंग आठवून सांगायला लावले. ज्यांना शेवट आत्ताच कळला होता, त्यांचा मेंदू जुने प्रसंग आठवताना, पहिल्यापासून शेवट माहीत असलेल्यांच्या मेंदूसारखा वागू लागला होता. म्हणजे भूतकाळातली आठवण जागच्या जागी नव्याने लिहिली गेली. बेसूर वाजंत्री दुसऱ्या वाचनात वेगळी ऐकू येते, ती यामुळेच असावी असं मला वाटतं.

पण मग, सगळं माहीत असताना पुन्हा पोटात गोळा का येतो? कीर्तनात अभिमन्यू चक्रव्यूहात शिरतो तेव्हा, तो बाहेर येणार नाही हे मांडवातल्या प्रत्येकाला ठाऊक असतं, तरी बायाबापड्या डोळ्यांना पदर लावतात. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड गेरिग यांनी १९८९ साली यावर बोट ठेवलं. जॉर्ज वॉशिंग्टन राष्ट्राध्यक्ष झाले, ही अमेरिकेतल्या पोरासोरांनाही पाठ असलेली गोष्ट. पण ते होऊ शकतील की नाही, अशी उत्कंठा लावणारा मजकूर आधी वाचायला दिला, तर साध्या 'झाले' या विधानाला हो म्हणायला लोकांना जास्त वेळ लागला. कथेत बुडालेलं मन स्वतःचं ज्ञान तेवढ्यापुरतं बाजूला ठेवतं. २०११ मध्ये कॅलिफोर्नियातल्या लेविट आणि क्रिस्टनफेल्ड यांनी बारा कथा घेऊन वाचकांना शेवट आधीच सांगून पाहिला, तर बहुतेक कथा लोकांना उलट जास्त आवडल्या. नंतरच्या काही प्रयोगांत याच्या विरुद्धही निष्कर्ष आले, त्यामुळे वाद मिटलेला नाही. मला वाटतं, दोघेही आपापल्या जागी बरोबर असतील. धक्का गेला तर गेला, पण धक्का कसा रचला आहे ते न्याहाळायला निवांतपणा मिळतो. पुस्तकवाला बाहीकडे बघत असतो आणि त्याचा मित्र चेहऱ्याकडे.

वाचलेल्यांचं हे राज्य फार काळ टिकलं नाही. त्यांच्याजवळ आणखी एक हुकमाचं पान होतं. 'अ स्टॉर्म ऑफ सोर्ड्‌स'च्या अगदी शेवटच्या पानांत कॅटलिन परत येते. नदीत टाकलेलं प्रेत बाहेर काढून तिला उठवलं जातं. चिरलेला गळा, बोलता न येणारी, सूडाने पेटलेली लेडी स्टोनहार्ट. चौथ्या पर्वाच्या अखेरच्या भागात, १५ जून २०१४ ला, ती येणार म्हणून वाचलेले पुन्हा चेहरे टिपायला सज्ज होऊन बसले. ती आली नाही, त्या भागात नाही आणि पुढेही कधी नाही. मालिकेने ते पात्रच गाळलं. इतकी वर्षं जे ज्ञान वाटत होतं, त्याची एका रात्रीत अफवा झाली.

त्यातच मालिका पुस्तकांच्या पुढे निघून गेली. मार्टिन यांचा पाचवा खंड २०११ चा, सहाव्याची वाट अजून बघणं चालूच आहे. २२ मे २०१६ ला होडोर हा भाबडा, अवाढव्य सेवक दार अडवून मेला, तेव्हा वाचलेले आणि न वाचलेले एकाच मिनिटाला रडले. त्याच्या नावामागचं रहस्य मार्टिन यांनी निर्मात्यांच्या कानात घालून ठेवलं होतं, पण छापलेल्या एकाही पानावर ते नव्हतं. काही दिवसांतच होडोरच्या आकाराचे दार अडवायचे ठोकळेही बाजारात आले. आता गुपित पाळायला कुणी उरलं नव्हतं, कारण गुपित कुणाकडेच नव्हतं. उरली होती ती फक्त वेळेची शर्यत. न्यूयॉर्कला रविवारी रात्रीचे नऊ म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडे सोमवारी सकाळचे साडेसहा, आणि पुण्या-मुंबईतले चाहते ऑफिसला जाण्याआधी भाग उरकायला लागले. न उरकणारा दिवसभर कानात बोटं घालून फिरायचा. ऑगस्ट २०१७ मध्ये सातव्या पर्वाचा चौथा भाग अमेरिकेत दाखवण्याआधीच फुटला. त्याचा माग थेट मुंबईत लागला आणि महाराष्ट्र पोलिसांनी चौघांना अटक केली. एका काल्पनिक ड्रॅगनने काय जाळलं हे दोन दिवस आधी कळलं, म्हणून कोठडी!

२०१९ मध्ये शेवटचं पर्व आलं, चाहते भडकले, ते पुन्हा नव्याने बनवा म्हणून दहा लाखांहून जास्त लोकांनी अर्जावर सह्या केल्या. त्याबद्दल इतकं बोलून झालंय की मी भर घालत नाही.

मला जास्त रस आहे तो १६ जून २०२४ च्या भागात. 'हाउस ऑफ द ड्रॅगन' या पुढच्या मालिकेचं दुसरं पर्व त्या दिवशी सुरू झालं. ही मालिका 'फायर अँड ब्लड' या २०१८ च्या पुस्तकावरची. पुस्तकात दोन मारेकरी राणी हेलेनाला तिच्या आईच्या दालनात गाठतात आणि दोन मुलग्यांपैकी कुणाला मारायचं ते तिलाच निवडायला लावतात. ती रडत धाकट्याचं नाव घेते. ते थोरल्याला मारतात, आणि आईने आपलं नाव घेतलं हे धाकट्याला कळून चुकतं. मालिकेत धाकटा मुलगा जन्मलेलाच नाही. तिच्या जुळ्या लेकरांपैकी मुलगा कोणता, एवढंच तिला विचारतात आणि ती दाखवते. न वाचलेले त्या रात्री हादरून गेले. वाचलेले एकमेकांकडे बघत म्हणाले, 'एवढंच?' भीती वाटली नाही म्हणून हळहळणारे प्रेक्षक मी पहिल्यांदाच बघत होतो. रेड वेडिंगला त्यांना मित्रांच्या चेहऱ्यावर आपलाच जुना धक्का सापडला होता. इथे समोरच्याला बसलेला धक्का आपल्यापेक्षा लहान आहे, हे त्यांना सहन होत नव्हतं.

त्या नाराजांत एक वाचक असा होता ज्याने ते पुस्तक लिहिलं होतं. सप्टेंबर २०२४ मध्ये मार्टिन यांनी धाकट्या मुलाला गाळल्याबद्दल जाहीरपणे खंत लिहिली, आणि त्या एका बदलामुळे पुढच्या पर्वांत काय काय ढासळणार तेही नावानिशी सांगून टाकलं. थोड्याच वेळात तो मजकूर काढून टाकण्यात आला. तोवर वाचकांनी त्याच्या प्रती करून ठेवल्या होत्या, आणि या खेपेला ते पोटात ठेवावं असं त्यांच्यातल्या फारशा कुणाला वाटलं नाही.